आपल्या वाडीत ५जी आलं का, हे स्वतः कसं पाहायचं?

फेब्रुवारी २०२५ अखेरचा सरकारी आकडा असा आहे: देशातल्या ७७६ जिल्ह्यांपैकी ७७३ जिल्ह्यांत ५जी पोचलं. राहिले फक्त तीन. आकडा खरा आहे. तरीही सह्याद्रीच्या कुशीतल्या एखाद्या वाडीत गेलात, तर रेंजसाठी फोन घेऊन टेकाडावर चढणारी मुलं आजही भेटतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा?

तालुक्याच्या स्टँडवर एसटी आली म्हणजे ती आपल्या वाडीच्या फाट्यापर्यंत आली असं होत नाही, तसंच हे आहे. जिल्ह्यात एखाद्या ठिकाणी जरी ५जी सुरू झालं, तरी यादीत त्या जिल्ह्यापुढे टिकमार्क पडतो. आपल्याला मात्र आपल्या ओटीवर, आपल्या दुकानात, मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत ते आहे का, हे हवं असतं. त्यासाठी यादीच्या खाली, थेट टॉवरपर्यंत उतरावं लागतं.

मला हे समजून घ्यावं लागलं ते नातेवाइकांच्या फोनमुळे. ‘५जीचा फोन घेऊ का रे? मोठं रिचार्ज मारू का?’ हा प्रश्न पैशांचा आहे. जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेलने अमर्याद ५जी फक्त रोज दोन जीबी किंवा त्याहून जास्त डेटाच्या प्लॅनवर ठेवलं. ज्याच्या घरात ५जी येतच नाही त्याने त्याच्यासाठी जास्त पैसे मोजणं मला पटत नाही. म्हणून एक वही घातली आणि जिथे जाईन तिथल्या नोंदी ठेवू लागलो. त्या वहीतून जे कळलं ते इथे मांडतो.

आधी थोडा इतिहास

२६ जुलै ते १ ऑगस्ट २०२२ असा सात दिवस स्पेक्ट्रमचा लिलाव चालला. स्पेक्ट्रम म्हणजे हवेतल्या लहरींचे पट्टे. कोणती कंपनी कोणत्या पट्ट्यावर बोलणार, हे त्यात ठरलं. सरकारला सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली मिळाली. त्यातले ८८,०७८ कोटी जिओचे, ४३,०८४ कोटी एअरटेलचे आणि १८,७९९ कोटी व्होडाफोन आयडियाचे. १ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीत प्रगती मैदानावर पंतप्रधानांच्या हस्ते सेवेची सुरुवात झाली. एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत मुंबई आणि नागपूर होती. जिओची चाचणी दसऱ्याला चार शहरांत सुरू झाली, त्यात मुंबई होती. पुणेकरांना जिओसाठी नोव्हेंबर उजाडला. व्होडाफोन आयडियाचं ५जी मुंबईत यायला मार्च २०२५ लागला. आणि बीएसएनएलची देशी बनावटीची यंत्रणा सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झाली ती ४जीची.

म्हणजे ‘५जी आलं’ ही एकच घटना नव्हे. कुठल्या कंपनीचं आलं, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

आकडे वाचताना आणखी एक फसगत होते. दूरसंचार खात्याचा नकाशा राज्यांच्या नकाशासारखा नाही, तो ‘सर्कल’चा आहे. मुंबई हे वेगळं सर्कल, आणि त्यात नवी मुंबई व कल्याणही येतं. महाराष्ट्र सर्कलमध्ये मुंबई नाही, पण संपूर्ण गोवा आहे. पणजी आणि गडचिरोली एकाच सर्कलमध्ये, तर कल्याण आणि कर्जत वेगवेगळ्या. म्हणून ‘महाराष्ट्रात इतके ग्राहक’ अशी बातमी दिसली, तर ती कोणत्या महाराष्ट्राची, हे आधी पाहा.

ढोल आणि झांज

आता मुख्य मुद्दा. इथे जरा थांबू, कारण घरात ५जी येतं की नाही हे बहुतेक वेळा यावरच ठरतं.

गणपतीची मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असली तरी ढोलाचा ठोका आपल्या घरात, बंद खिडकीतूनही ऐकू येतो. झांज मात्र मिरवणूक समोर आल्यावरच कानावर पडते. ढोलाचा आवाज खालच्या पट्टीतला. तो भिंतींतून झिरपतो, कोपऱ्यावरून वळतो. झांजेचा वरच्या पट्टीतला, आणि तो अडतो. रेडिओ लहरींचंही ढोबळमानाने असंच आहे.

भारतात ५जीसाठी तीन पट्टे महत्त्वाचे. मेगाहर्ट्झचा आकडा जितका मोठा, तितकी पट्टी वरची. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा हा आपला ढोल. तो मोकळ्या माळावर काही किलोमीटर जातो आणि घरात शिरतो. २०२२ च्या लिलावात तो फक्त जिओने घेतला. ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा मधला पट्टा ही झांज. दाट वस्तीत त्याचा जोर काहीशे मीटरच टिकतो आणि दोन जाड भिंती ओलांडताना तो दमतो. तिसरा २६ गिगाहर्ट्झचा, म्हणजे २६,००० मेगाहर्ट्झचा. त्याच्या आड हाताचा पंजा आला तरी तो अडखळतो, म्हणून तो मोकळ्या, ठरावीक जागी, समोरासमोरच्या जोडणीलाच जास्त उपयोगी पडतो.

मग सगळीकडे ढोलच का वाजवत नाहीत? कारण रस्त्याची रुंदी. ७०० च्या पट्ट्यात जिओकडे प्रत्येक सर्कलमध्ये १० मेगाहर्ट्झची रुंदी आहे. मधल्या पट्ट्यात जिओ आणि एअरटेल या दोघांकडे किमान १०० मेगाहर्ट्झ. पायवाट आणि महामार्ग यांत जेवढा फरक, तेवढा. म्हणून एखाद्या गावात फोनवर ‘५जी’ लिहून येतं, पण व्हिडिओ ४जीइतकाच अडखळतो. तिथे पायवाटेवरचं ५जी पोचलेलं असतं, महामार्गावरचं नाही. फोन खोटं बोलत नसतो, फक्त अर्धीच गोष्ट सांगत असतो.

आमच्याकडे गच्चीवर मधला पट्टा मिळतो आणि स्वयंपाकघरात ७०० चा. वेगात कित्येक पटींचा फरक पडतो. दोन्हीकडे फोनच्या डोक्यावर तेच दोन अक्षरी चिन्ह.

चिन्हावर किती विश्वास ठेवायचा

५जी उभारण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या घराच्या जोत्यावर नवा मजला चढवायचा, किंवा शेजारी नव्या पायाचं स्वतंत्र घर बांधायचं. एअरटेलने सुरुवातीला पहिली रीत घेतली, जिओने दुसरी. पहिल्या रीतीत फोन आधी ४जीला जोडला जातो आणि गरज पडली की ५जीची जादा वाट उघडते. दुसरीत सगळंच नवं. म्हणून तिथे फोनही त्या रीतीला पाठिंबा देणारा लागतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अनेकांचे महागडे फोन असूनही ५जी दिसेना, त्याचं कारण हे होतं. कंपन्यांनी फोनचं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं नव्हतं. आयफोनसाठी ते डिसेंबरमध्ये आलं.

पहिल्या रीतीत एक गंमत होते. ४जीचा टॉवर सतत पुकारत असतो: ‘माझ्या परिसरात ५जीची सोय आहे.’ काही फोन तेवढं ऐकूनच वर ५जी लिहून टाकतात. प्रत्यक्षात त्या क्षणी डेटा ४जीवरूनच वाहत असतो. उलट, स्वतंत्र घराच्या रीतीत कधीकधी कॉल लागताच चिन्ह ४जीवर उतरतं आणि कॉल संपला की पुन्हा चढतं. बिघाड झाला असं समजून घाबरू नये, आवाज नेण्यासाठी फोन जुन्या वाटेला गेलेला असतो.

खरं पाहायचं तर चिन्हाच्या मागे जावं लागतं. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की चाचणीचा पडदा उघडतो. अनेक अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* चालतं, आणि नाही चाललं तर नेटवर्कची माहिती दाखवणारी फुकट ॲप आहेत. तिथे दोन गोष्टी शोधायच्या. पहिली बँडचा, म्हणजे पट्ट्याचा, क्रमांक: एन२८ म्हणजे ७०० चा पट्टा, एन७८ म्हणजे मधला. दुसरी सिग्नलची ताकद. ती उणे आकड्यांत असते. उणे ८० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०० म्हणजे चालेल असं, आणि उणे ११५ च्या पुढे गेली की काड्या दिसल्या तरी काम होणार नाही. आकडा मोठा दिसला म्हणजे ताकद जास्त, असं इथे नाही. उलट आहे.

फोन विकत घेतानाही हेच बँड खोक्यावर किंवा माहितीपत्रात पाहावेत. खेड्यात राहणाऱ्याने एन२८ आहे ना, याची खात्री करून मगच पैसे द्यावेत. सिमकार्ड मात्र बदलावं लागत नाही, ४जीचं सिम ५जीला चालतं. ‘तुमचं सिम ५जी करून देतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर तो चोर आहे. घरातल्या आजी-आजोबांना हे आजच सांगून ठेवा.

नकाशे आणि टॉवर

ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या (दूरसंचार नियामक संस्थेच्या) सेवा-गुणवत्ता नियमांनी एक मोठी सोय केली. प्रत्येक कंपनीने आपल्या संकेतस्थळावर २जी, ३जी, ४जी, ५जी कुठे मिळतं याचा नकाशा लावलाच पाहिजे, असं बंधन आलं. यापूर्वी ग्राहकाने नुसतं दुकानदाराच्या शब्दावर चालायचं. आता गावाचं नाव टाकून रंग पाहता येतो. ग्राहकांसाठी अलीकडच्या काळात झालेलं हे फार चांगलं काम आहे, आणि ते जितकं माहीत व्हायला हवं तितकं झालेलं नाही.

हा नकाशा मात्र बहुतांशी गणिताने रंगवलेला असतो. टॉवरची उंची, तोंडाची दिशा, जमिनीचा चढउतार यांवरून संगणक अंदाज बांधतो. प्रत्येक अंगणात जाऊन कोणी मोजलेलं नसतं. सपाट विदर्भात असा अंदाज बऱ्यापैकी जुळतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर डोंगराची एक सोंड मध्ये आली की पलीकडची वाडी सावलीत जाते. शिवाय रंग घराबाहेरचा, आणि आपण राहतो घरात. जांभ्या दगडाची जाड भिंत, वर पत्रा, अशा घरात बाहेरचा सिग्नल निम्माही उरत नाही.

म्हणून नकाशाच्या जोडीला टॉवर पाहावा. दूरसंचार खात्याचं ‘तरंग संचार’ नावाचं संकेतस्थळ २०१७ पासून आहे. त्यावर आपल्या भागातले टॉवर आणि त्यांवर कोणती सेवा चालू आहे, हे पाहता येतं. मग प्रत्यक्ष टॉवरखाली जाऊन वर बघा. टॉवरला साधारण तीन तोंडं असतात, प्रत्येक तोंड वर्तुळाचा एक तृतीयांश भाग सांभाळतं. ४जीच्या पेट्या बहुधा उंच आणि अरुंद, दरवाजाच्या फळीसारख्या. मधल्या पट्ट्याची ५जी पेटी त्यांच्यापेक्षा आखूड आणि रुंद, एखाद्या सुटकेससारखी. तिच्या आत डझनावारी छोटे अँटेना असतात आणि ते ज्याच्या त्याच्या फोनकडे लहरींचा झोत वळवतात. तीनपैकी एकाच तोंडाला ती बसलेली असेल आणि आपली वाडी दुसऱ्या बाजूला असेल, तर आपल्याला वाट पाहायची आहे.

त्याच टॉवरवर ढोलकीसारखी गोल ताटली दिसली तर तीही टिपून ठेवा. ती पलीकडच्या टॉवरशी हवेतून बोलते. म्हणजे बहुधा त्या टॉवरला जमिनीतली फायबर पोचलेली नाही. देशातल्या निम्म्याहून अधिक टॉवरची स्थिती २०२५ च्या सुरुवातीला अशीच होती. वर ५जीची पेटी आणि खाली चिंचोळी वाट असेल, तर संध्याकाळी सगळे एकदम ऑनलाइन आले की कोंडी होणारच. माझ्या मते गावात फायबरसाठी चर खणताना दिसणं ही नव्या पेटीपेक्षाही चांगली खूण आहे. त्या चरासाठी परवानग्या वेळेत मिळाव्यात म्हणून मे २०२२ मध्ये ‘गतिशक्ती संचार’ हे पोर्टल आलं आणि १ जानेवारी २०२५ पासून नवे मार्गाधिकार नियम लागू झाले. ग्रामपंचायत किंवा नगरपालिका परवानगी अडवून बसली असेल, तर तो प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे.

बातम्यांत येणारा ‘४ लाख ६९ हजार’ हा फेब्रुवारी २०२५ चा आकडा टॉवरचा नव्हे, हेही लक्षात असू द्या. तो बीटीएसचा, म्हणजे टॉवरवरच्या यंत्रणांचा आहे. एका टॉवरवर दोन कंपन्यांची यंत्रं असली तर ती वेगवेगळी मोजली जातात.

विमानतळाजवळ राहत असाल तर

पुण्यातल्या लोहगाव आणि नागपूरच्या विमानतळाजवळ राहणाऱ्यांना एक वेगळंच कारण लागू पडलं होतं. विमान उतरताना जमिनीपासूनची उंची मोजणारं यंत्र ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झवर चालतं. ५जीचा मधला पट्टा त्याच्यापासून फार लांब नाही. जुन्या यंत्रांत या लहरी घुसून उंचीचं माप चुकेल, या भीतीने २९ नोव्हेंबर २०२२ ला दूरसंचार खात्याने कंपन्यांना पत्र पाठवलं. देशातल्या विमानतळांच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरपर्यंत मधल्या पट्ट्याचे टॉवर उभारू नयेत, असं त्यात म्हटलं होतं. त्यापुढच्या ५४० मीटरमध्ये ताकद मर्यादित ठेवायची. विमानांतली यंत्रं सुधारून होईपर्यंतचं हे बंधन होतं. सगळ्या शहरात ५जी आणि नेमक्या आपल्या सोसायटीत नाही, म्हणून त्या काळी कंपनीवर चिडलेल्या कित्येकांना हे कारण कोणी सांगितलंच नाही. सांगायला हवं होतं. प्रवाशांच्या जिवासाठी थोडं थांबायला कोणाची ना नसती.

टॉवरच्या भीतीबद्दलही थोडं. मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ५जीच्या चाचण्यांमुळे माणसं मरताहेत अशी अफवा पसरली. तेव्हा देशात कुठेही ५जीची चाचणी सुरूच झाली नव्हती, हे दूरसंचार खात्याला जाहीर करावं लागलं. २०१२ साली भारताने टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठरवली. तरीही शंका असेल तर टॉवर बंद पाडण्याआधी ‘तरंग संचार’वरून शुल्क भरून मोजणी मागवता येते. ज्या वाडीत रात्री प्रसूतीसाठी गाडी बोलवायला रेंज लागते, तिथे निव्वळ अफवेपायी टॉवर परत जावा, याचं मला फार वाईट वाटतं.

वही कशी ठेवायची

मी प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, नेमकी जागा, कंपनी, बँड, सिग्नलचा उणे आकडा, उतरणारा (डाउनलोड) वेग आणि चढणारा (अपलोड) वेग लिहितो. जागा लिहिताना ‘घर’ एवढं लिहून भागत नाही. ओटी, माजघर, मागचं परसू, असं लिहावं. वेळेचंही तसंच. दुपारी तीनला मोजलेला वेग आणि रात्री नऊला, सगळं गाव मोबाइल घेऊन बसलेलं असताना मोजलेला वेग, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मोजायला ट्रायचं ‘मायस्पीड’ ॲप वापरलं, तर आपली मोजणी त्यांच्याकडेही जाते. शहरं, महामार्ग आणि रेल्वेमार्गांवर ट्राय स्वतः गाड्या फिरवूनही चाचण्या घेतं, ते अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर असतात.

मोठ्या सरासरीकडे पाहून मात्र आपल्या वाडीचा निष्कर्ष काढू नका. ऊक्ला या संस्थेच्या मोजणीत भारताचा मोबाइलवरचा मध्यक, म्हणजे बरोबर मधला, वेग सप्टेंबर २०२२ मध्ये १३.८७ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) होता आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५०.२१ झाला. झेप खरीच मोठी आहे. पण आपली वाडी त्या आकड्याच्या वर आहे की खाली, ते वहीच सांगते.

मोजणी आपण कशासाठी करतोय, हेही ठरवून घ्या. मुलांच्या ऑनलाइन तासाला किंवा डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायला अफाट वेग लागत नाही, न तुटणारी जोडणी लागते. तिथे घरात टिकणारं ४जी हे खिडकीत येऊन जाऊन असणाऱ्या ५जीपेक्षा बरं, आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘४जी’ निवडून ठेवण्यात काही कमीपणा नाही. घरात फायबर नसेल आणि गच्चीवर मधला पट्टा जोरात येत असेल, तर गोष्ट वेगळी. मग बाहेर अँटेना लावून घरात वायफाय देणारी सेवा विचारात घ्या. जिओने ती सप्टेंबर २०२३ मध्ये गणेश चतुर्थीला मुंबई-पुण्यासह आठ शहरांत आणली, एअरटेलने त्याआधीच्या महिन्यात मुंबई आणि दिल्लीत. अँटेना उंचावर, टॉवरकडे तोंड करून बसतो, त्यामुळे भिंतीची अडचण उरत नाही.

आणि नकाशावर आपली वाडी रंगलेली असूनही वहीत महिनाभर शून्यच येत असेल, तर तक्रार करा. फोनवर नुसतं बोलून सोडून देऊ नका, तक्रार क्रमांक मागून तो वहीत लिहा. मी एकदा तो मागायला विसरलो आणि पुढचे दोन महिने प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळं सांगत बसलो. ठरल्या मुदतीत दाद लागली नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही, आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. अपिलात रागाच्या ओळी लिहू नका. नकाशाचं त्या दिवशीचं चित्र लावा आणि खाली वहीतल्या नोंदी जशाच्या तशा उतरवा: तारीख, वेळ, ओटी की माजघर, बँड, उणे आकडा, वेग.